खोडलेली हिरवी शाई

खोका खालून भिजलेला आहे हे तिला पालिकेच्या जिन्यावर, मधल्या वळणावर कळलं. तोवर बूड सुटलं होतं. मांजरीची पाच पिल्लं पायऱ्यांवर सांडली. डोळे नुकते उघडलेली, मुठीएवढी. दोन एकमेकांत गुंतली, एक पायरीच्या कडेला लोंबकळलं, एकानं जागच्या जागी टाहो फोडला, आणि पाचवं सरळ खाली घरंगळत निघालं.

खालून एक माणूस फायलींचा गठ्ठा छातीशी धरून वर येत होता. त्यानं गठ्ठा टाकला. खरंच टाकला. कागद जिनाभर झाले, आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून ते पाचवं पिल्लू झेललं.

पालिकेतला माणूस कागद सोडून मांजर धरतो, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली. तोही बघत राहिला. मग दोघं एकदम खाली वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं.

“लागलं?” त्यानं विचारलं.

“माझं राहू द्या. ते बघा, कठड्याखाली चाललंय!”

त्यानं तेही धरलं. हात कमी पडले तेव्हा झेललेलं पिल्लू शर्टाच्या खिशात ठेवलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. पिल्लानं पेनाला मिठी मारली आणि नखं आत रुतवली. तो कळवळला, पण हसला. हसताना त्याचे कान हलायचे. तिला वाटलं, बरा दिसतो की.

तेवढंच. कारण ती हसायला आलेली नव्हती.

“आरोग्य विभाग कुठे आहे?”

“दुसरा मजला. काय काम होतं?”

“एका माणसाचा गळा धरायचाय.”

“कुणाचा?”

“माझ्या फायलीवर ज्यानं लाल रेघ मारली त्याचा. ही पिल्लं बघताय? कुणीतरी गोणीत घालून, तोंड बांधून कचराकुंडीत टाकली होती. सात होती. पाच जिवंत निघाली. ती नेऊन त्याच्या टेबलावर ओतते आणि सांगते, आता मार म्हणावं रेघ!”

त्यानं एकदा खिशातल्या पिल्लाकडे पाहिलं, एकदा लाल पेनाकडे.

“मग… धरा,” तो म्हणाला. “मीच तो.”

*

ती जनावरांची डॉक्टरीण. बाजारामागे पत्र्याच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत आत्या वही धरून बसायची, आतल्या खोलीत ऑपरेशनचं टेबल. आत्यानंच तिला वाढवलेलं. आत्या शिकली चौथीपर्यंत, पण तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरिणीनं पालिकेला एक साधी गोष्ट मागितली होती. वस्तीतल्या मांजरी-कुत्र्यांचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन पालिकेनं आपल्या पैशातून करून द्यावं. पाळलेल्यांचंही, रस्त्यावरच्यांचंही. लोकांना जनावर पाळायची हौस असते, ऑपरेशनचा खर्च मात्र झेपत नाही. मग पिल्लं होतात, आणि मग गोणी निघते. गोणी बांधणाऱ्याला शिव्या घालाव्यात तेवढ्या थोड्या, पण वर्षभर फाईल दाबून बसणाऱ्याला काय घालावं?

फायलीत सामानाची यादी होती. सातव्या नंबरला लिहिलं होतं, हिरवी शाई, बारा बाटल्या. तिच्यावर लाल रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात शेरा: ‘हिरवी शाई केवळ वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीसाठी. संस्थेस देता येत नाही.’

ती शाई कशाला, तर ऐका. रस्त्यावरच्या जनावराचं ऑपरेशन झालं की त्याच्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे ते लांबूनच ओळखू येतं. पण घरच्या मांजरीचा कान कोण कापू देतो? म्हणून तिच्या पोटावर, टाक्याशेजारी, कातडीत हिरवी रेघ गोंदायची. बोटाच्या पेराएवढी. पुढे कधी ती हरवली, कुणी तिला दवाखान्यात आणलं, तर डॉक्टरला कळावं की हिचं झालेलं आहे, हिला पुन्हा उघडायचं नाही.

हे तिनं त्याला सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण ती त्याच्या टेबलासमोर उभी राहिली, तो शेरा वाचला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय वाटलं तुम्हाला, माझी मांजरं सह्या करतात?”

“तसं नाही. नियम आहे.”

“नियम! आणि विचारलंत का एकदा तरी, शाई कशाला हवी म्हणून?”

“लेखी विचारायचं तर फाईल परत पाठवावी लागते. तीन महिने जातात.” त्याच्या खिशातलं पिल्लू आता झोपलं होतं आणि तो ते हलू नये म्हणून ताठ बसून बोलत होता. “बाई, ती एक बाब तुम्ही सोडलीत तर बाकीची फाईल आजच वर जाते. मी स्वतः घेऊन जातो.”

“सोडली! जा घेऊन. शाईशिवाय करून दाखवते, तुमच्या नाकावर टिच्चून.”

ती वळली. दारापर्यंत पोचली तेव्हा त्यानं मागून विचारलं, “पण… लागते कशाला ती?”

“आधी विचारायचं होतं!” ती म्हणाली, आणि पायऱ्या दणदणत उतरून गेली.

चार पिल्लं घेऊन गेली. पाचवं त्याच्या खिशातच राहिलं. संध्याकाळी तो ते परत द्यायला दवाखान्यात आला, सोबत मंजुरीचा कागद घेऊन. सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी.

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हेच का ते नियमबुवा?” तिनं भाचीला विचारलं, तोही ऐकेल इतक्या हळू.

*

नियम असा होता की पालिकेच्या पैशावर चालणाऱ्या कामाची आठवड्याला पाहणी करायची. म्हणजे दर शनिवारी तो यायचा.

पहिल्या शनिवारी तो दारात उभा राहून पाहणी करून गेला. दुसऱ्या शनिवारी आत्यानं त्याला स्टुलावर बसवलं. तिसऱ्या शनिवारी भूल उतरत असलेलं एक मोठं कुत्रं डॉक्टरिणीनं सरळ त्याच्या मांडीवर आणून ठेवलं. “धरून बसा. थरथरतंय. शुद्धीवर आलं की आधी ओकेल, मग उठेल.”

“आणि मी काय करू?”

“नियमात बघा.”

कुत्रं ओकलं. त्याच्याच पँटवर. तो हलला नाही. कुत्र्याच्या कपाळावरून अंगठा फिरवत म्हणाला, “पाहणी अहवालात लिहावं लागेल, प्राणी शुद्धीवर आल्याची पोच मिळाली.”

ती तोंड फिरवून हसली. पण रागातच हसली. लाल रेघ मारणाऱ्या माणसाचं बोलणं आपल्याला आवडावं याचाच तिला राग आला.

पुढे तो कापसाच्या घड्या घालायला शिकला. तिच्यापेक्षा सुबक घालायचा, कागद मोडायची सवय असलेले हात ते. ती टाके घालत असताना तो खिडकीशी अशा कोनात उभा राहायचा की उजेड अडू नये. हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर तिचा एक टाका चुकला.

“तुमच्यामुळे,” ती म्हणाली.

“मी तर काहीच केलं नाही.”

“तेच. काहीच न करता मधे मधे येता.”

“मग काहीतरी करू?”

“कापूस द्या!” ती ओरडली. कानशिलं तापली होती.

बाहेरून आत्याचा आवाज आला, “नियमबुवा, चहा निवतोय. आणि बये, तू त्या मांजराकडे बघ.”

असे आठ महिन्यांचे शनिवार गेले. त्यात शाईचा विषय एकदाच निघाला. आत्याच म्हणाली होती, “अगं, तू आपली तू मागव ना ती शाई.” त्यावर भाची फणकारली, “मी का मागवू? पालिकेचं काम आहे, पालिका देईल. मी नाक घासणार नाही.” आत्यानं वहीत डोकं घातलं. अभिमान कुठून आला होता, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

*

त्या शनिवारी पाऊस लागून राहिला होता. पत्र्यावर इतका वाजत होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. तो छत्री झटकत आत आला, नेहमीच्या जागी टेकायला गेला, आणि पिंजऱ्यासमोर थबकला.

पिंजऱ्यात एक तांबूस मांजर निपचित पडलं होतं. पोटाला पट्टी.

“ठमी?” तो म्हणाला. “ठमे…?”

मांजरानं डोळे न उघडता शेपटीचं टोक हलवलं.

तो गुडघ्यावर बसला. “ही माझ्या वडिलांची मांजर आहे. एकोणीस दिवस झाले हरवून. वडील रोज बशी भरून दारात बसतात. काय झालं हिला?”

डॉक्टरीण आतून आली. दोन रात्री धड झोपली नव्हती. “ऑपरेशन,” ती म्हणाली. “गुरुवारी रस्त्यावरून पकडून आणलेल्यांत होती. उघडली. आत काही सापडलं नाही. आता ताप आहे.”

“सापडलं नाही म्हणजे?” तो उठून उभा राहिला. “सापडेल कसं? हिचं ऑपरेशन आठ महिन्यांपूर्वी झालंय! इथे! तुमच्याच हातानं! वडील स्वतः पिशवीत घालून घेऊन आले होते!”

“मला आता माहीत आहे ते!”

“आता? झालेल्या मांजरीला तुम्ही पुन्हा कापलंत? न बघता?”

त्याचा आवाज चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. तो चढला, आणि तिचा बांध फुटला.

“न बघता? काय बघू? पोटावर केस, केसांखाली टाका दोऱ्याएवढा, तोही मुरलेला! शेकडो मांजरी गेल्यात माझ्या हाताखालून, तांबड्या, काळ्या, कबऱ्या. कशी ओळखू? कुठे लिहिलंय हिच्या पोटावर? तिथे हिरवी रेघ असते, कळलं? हिरवी! गोंदलेली! झालंय म्हणून सांगणारी! ती रेघ नाही, कारण शाई नाही! आणि शाई का नाही हो, नियमबुवा?”

पत्र्यावर पाऊस आदळत होता. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा झाला होता.

“सातवी बाब,” तो म्हणाला.

“सातवी बाब,” ती म्हणाली. “आणि काढा तुमची वही. लिहा, एकाच मांजरीला दोनदा उघडली.”

“हे लिहिलं तर… मंगळवारी सभा आहे. पुढच्या वर्षाचे पैसे त्यात ठरणार. सभापतींना ते चौकातल्या कारंज्याला हवेत. त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल.”

“म्हणून खोटं लिहाल? माझ्यासाठी? माझ्यावर उपकार?” तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला संताप आला. “एक अक्षर खोटं लिहिलंत तर या दारात पाय ठेवू नका.”

त्यानं लिहिलं. खरं तेवढंच लिहिलं. मग ठमीच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली, छत्री तिथेच विसरून पावसात गेला.

त्या दिवशी दुपारी त्याचे वडील आले. पिंजऱ्याशी बसून राहिले. कुणाला शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. रविवारी ठमीचा ताप उतरला. वडिलांनी बशी पुढे केली, तिनं चार वेळा जीभ लावली, आणि म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून नाक पुसत राहिला.

त्या रात्री डॉक्टरीण आत्याला म्हणाली, “त्यानं विचारलं होतं गं. दारात. शाई लागते कशाला म्हणून. मी सांगितलं नाही.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली. “मग आता कुणावर चिडतेयस?”

“दोघांवर.”

“चालेल. पण दोघं म्हणालीस, तेवढं ध्यानात ठेव.”

*

मंगळवारी सभागृहात लोकांच्या बाकावर ती आणि आत्या. पुढे सभापती, पोट टेबलाला टेकलेलं. बाजूला भिंतीशी, खात्याच्या माणसांत, तो. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

सभापतींनी पाहणीचा अहवाल वर धरला. “ऐका मंडळी. एकच मांजर, दोनदा ऑपरेशन. म्हणजे एका मांजरीचे पालिकेकडून दोनदा पैसे. याला काय म्हणतात? याला लूट म्हणतात. ही योजना आजच बंद करावी आणि निधी शहराच्या सौंदर्यासाठी, म्हणजे चौकातल्या कारंज्यासाठी वळवावा असं मी सुचवतो.”

लूट! तिच्या कानांत वाजू लागलं. हातांचा औषधाचा वास तीन दिवस जात नाही, पाठ रात्री बिछान्याला टेकवत नाही, आणि लूट! ती उठणार तेवढ्यात आत्यानं तिचं मनगट आवळलं.

कारण तो उठला होता.

“सभापती महाशय, अहवाल माझा आहे. त्यात एक ओळ राहिली.” त्यानं जुनी फाईल उघडून वर धरली. मागच्या बाकापर्यंत ती लाल रेघ दिसली. “सातवी बाब. हिरवी शाई. ऑपरेशन झालेली मांजर ओळखू यावी म्हणून ती मागितली होती. ही बाब मी खोडली. ही शाई फक्त साहेबांनी वापरायची, असा नियम दाखवून. ती कशाला हवी हे मी खोडण्याआधी विचारलं नाही. शाई असती तर मांजर पुन्हा उघडली गेली नसती. चूक डॉक्टरांची नाही. माझी आहे.”

“तुम्हाला कळतंय का काय बोलताय?” सभापती तडकले. “नोकरीचा विचार केलाय?”

“केला. ती मांजर माझ्या घरची आहे. तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला. लूट म्हणायची तर माझ्या नावावर लिहा. त्यांच्या नावावर नाही.”

तेव्हा डॉक्टरीण उठली. आत्याच्या मुठीतून मनगट सोडवून ती म्हणाली, “अर्धीच त्यांची. त्यांनी मला विचारलं होतं, उशिरा का होईना. मी ताठ्यात उत्तर दिलं नाही. तेही लिहा. आणि दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे मी मागितलेले नाहीत, मागणारही नाही.”

पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे पाहिलं. भर सभेत, फाईल हातात तशीच. असं की बघणाऱ्यांनी नजर वळवावी.

“हा काय तमाशा चाललाय?” सभापती गरजले. “आपण कारंज्याबद्दल बोलत होतो!”

“बोला की कारंज्याबद्दल!” आत्या उभी राहिली होती. तिला थांबवायला निघालेला शिपाई दोन पावलांवरच थांबला. “पिल्लं कशात बुडवणार या शहरातले लोक? आत्तापर्यंत गोणी होती. आता तुमच्या कारंज्यात बुडवतील, दिव्याबिव्यांच्या उजेडात! बांधा. आणि उद्घाटनाला मला बोलवा, मी मोजायला येते!”

आधी मागच्या बाकावर हशा पिकला, मग पुढच्या, मग सभासदांतसुद्धा. हसू आलेल्या माणसाला कारंज्यासाठी हात वर करायला जमेना. हात मोजले. योजना तीन हातांच्या फरकानं राहिली. सातव्या बाबीसकट.

*

पुढे आठ दिवसांनी, बुधवारी, तो दवाखान्याच्या दारात आला. हातात वही नव्हती. एक छोटं खोकं होतं.

“आज शनिवार नाही,” ती टेबल पुसत म्हणाली.

“मला आता शनिवार नाहीच. माझी बदली झाली. तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. पाहणीला दुसरा माणूस येईल.”

तिच्या हातातलं फडकं थांबलं. “त्या सभापतीनं केलं?”

“नियमानं केलं.”

“आग लागो तुमच्या नियमाला! खरं बोललेला एकच माणूस त्या इमारतीत, आणि त्यालाच तळघरात? मी येते उद्या. गळाच धरते एकेकाचा—”

“नको. जिन्यावर मी नसेन झेलायला.”

तिनं फडकं बाजूला टाकलं. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं. बारा बाटल्या. हिरव्यागार.

“मंजुरीवर साहेबांची सही आहे,” तो म्हणाला. “तीही हिरव्या शाईत.”

“हे द्यायला दुसरा माणूस आला असता.”

“आला असता.”

“मग तुम्ही का आलात? छत्री न्यायला?”

“छत्री…” त्यानं कोपऱ्यात पाहिलं. आठ-दहा दिवसांत कुणीतरी ती वाळवून, नीट गुंडाळून ठेवली होती. “नाही. एक विचारायचं होतं. मागच्या वेळी आधी खोडलं आणि मग विचारलं. या वेळी आधीच विचारतो.” त्याचे कान लाल झाले होते. “कागद नसताना, काम नसताना… नुसता आलो, तर चालेल?”

बाहेरच्या खोलीत आत्या वहीची पानं उलटायची थांबली.

डॉक्टरिणीनं खोकं पुढे ओढलं. तिनं एक बाटली उघडली. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, शाईत बुडवला. “हात करा पुढे.”

त्यानं केला. तिनं मनगट धरलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच धरलं. आणि नाडीशी, बोटाच्या पेराएवढी, एक हिरवी रेघ ओढली. सावकाश. ऑपरेशनला लागतो त्याहून जास्त वेळ.

“म्हणजे काय याचा अर्थ?” त्यानं विचारलं.

“म्हणजे उघडून बघितलंय. आत काय आहे ते कळलंय. दुसऱ्या कुणी पुन्हा उघडायचं नाही.”

त्यानं रेघेकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाला, “बाई… पण या रेघेचा मांजरींत जो अर्थ होतो…”

तिचा चेहरा शेंदरासारखा झाला. बाहेरून आत्या ओरडली, “ती हातावरच राहू दे गं बये! मला अजून नातवंडं बघायचीत!”

दोघं हसले. हसता हसता तिनं मनगट सोडायला हवं होतं. सोडलं नाही.

“ही राहील का?” त्यानं विचारलं.

“गोंदलेली नाही, वरवरची आहे. आठ दिवसांत जाईल.”

“मग?”

“मग या. दुसरी काढीन.”

त्यानं दाराशेजारच्या नळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“साबण आहे?” तो म्हणाला.